डेटा सेंटरला वीज आणि गारवा पुरवणाऱ्या कंपन्या: शेअर घेण्याआधी थोडं आतलं

डीजीवाला
नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगला, अगदी ट्रान्सहार्बर लोकलमध्येही एकच प्रश्न ऐकतोय. "तुम्ही डेटा सेंटरच्या कामात ना? मग कुठला शेअर घेऊ?" दर वेळी उभ्याउभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा बसून लिहितो. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. बावीस वर्षं कमिशनिंगमध्ये (बसवलेली यंत्रणा तपासून चालू करून देणं), त्यातली शेवटची बारा ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात. सल्लागार नाही, सेबीची नोंदणी नाही. स्वतःचे पैसे मात्र या क्षेत्रात घातलेत. काही कमावले, काही घालवले.

आधी माल काय लागतो ते बघू. डेटा सेंटर म्हणजे सर्व्हरनी भरलेली इमारत, आणि सर्व्हर म्हणजे शेवटी हीटरच. जेवढी वीज आत गेली तेवढी उष्णता बाहेर काढावी लागते. म्हणून इमारतीत विजेच्या बाजूला ट्रान्सफॉर्मर, एचटी आणि एलटी (उच्च आणि कमी दाबाची) पॅनेल, बसडक्ट, यूपीएस, बॅटरी, डीजी म्हणजे डिझेल जनरेटर. गारव्याच्या बाजूला चिलर (पाणी थंड करणारं यंत्र), पंप, पाइप, व्हॉल्व्ह आणि हॉलमध्ये थंड हवा सोडणारी युनिट्स. आणि हे सगळं जादा. चार डीजींवर भागत असेल तिथे पाच बसतात, काही ठिकाणी सरळ दुप्पट.

हा जादा खर्च कशासाठी, ते मला १२ ऑक्टोबर २०२० ला समजलं. सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मी एका साइटवर डीजी हॉलच्या दाराशी उभा होतो. वीज गेल्याचं आधी कानांना कळलं, कारण चिलरचा आवाज एकदम बसला. मग एकामागून एक डीजी उचलले. पंधरा सेकंदांच्या आत व्होल्टेज आलं, मशीन सिंक झाली, ब्रेकर क्रमाने खटाखट बसत गेले आणि पायाखालची लादी थरथरायला लागली. मधला वेळ यूपीएसने निभावला. आत हॉलमध्ये एकही दिवा मिणमिणला नाही. शिफ्टचा सुपरवायझर दर अर्ध्या तासाने डिझेलची पातळी फळ्यावर लिहीत होता, आणि प्रत्येक आकड्याखाली सही करत होता.

त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की झाली. या धंद्यात गिऱ्हाईक मालाच्या दर्जावर तडजोड करत नाही, भावावरही फार ताणत नाही. ताणतो तो पैसे द्यायच्या तारखेवर. शेअर घेणाऱ्याने नेमकं तेच बघायचं असतं, आणि बातम्यांत तेवढंच येत नाही.

मागणी खोटी नाही. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा डेटा देशातच ठेवायला सांगितला. समुद्राखालच्या केबल मुंबईत उतरतात, बँका आणि शेअर बाजार इथेच. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला ॲमेझॉनने महाराष्ट्रात २०३० पर्यंत ८.३ अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं. पण अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी ज्या कंपनीच्या नावात केबल किंवा कूलिंग आहे ती वर जाते. बातमीनंतर जमीन, मग वीजजोडणी, मग इमारत, आणि त्यानंतर माझ्यासारख्याच्या हातात डीजी येतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्या यूपीएसमध्ये आणि डेटा हॉलच्या कूलिंगमध्ये साइटवर जी नावं सतत दिसतात, त्यांतली बरीच इथल्या बाजारात लिस्टेडच नाहीत. व्हर्टिव्हचे कारखाने अंबरनाथ आणि पुण्यात आहेत, पण शेअर न्यूयॉर्कला. ईटनचंही तसंच. श्नायडरची इथे एक लिस्टेड कंपनी आहे, पण ती मुख्यतः ट्रान्सफॉर्मर आणि मीडियम व्होल्टेजच्या पॅनेलची. यूपीएसचा धंदा वेगळ्या, खाजगी कंपनीत. मोठे परदेशी क्लाउडवाले आपले करार जागतिक पातळीवर करतात आणि ऑर्डर थेट त्या खाजगी शाखेला जाते. नाव ओळखीचं म्हणून शेअर घेतला आणि धंदा दुसऱ्याच खिशात, असं होऊ शकतं.

इथे लिस्टेड असलेल्यांत डीजीमध्ये कमिन्स इंडिया आणि किर्लोस्कर ऑइल, दोन्ही पुण्याच्या. एकीचा मोठा पसारा फलटणला, दुसरीचा कागलला. कूलिंगमध्ये ब्लू स्टार, व्होल्टास. विजेच्या सामानात एबीबी, सीमेन्स, हिताची एनर्जी, सीजी पॉवर. या सगळ्या चांगल्या कंपन्या आहेत. पण प्रत्येकीच्या एकूण विक्रीत डेटा सेंटर किती, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बाकीच्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

हिशोबनीस
डीजीवाला दादा, फार नेमकं लिहिलंत. मी सीए आहे, सांगलीत प्रॅक्टिस करते. विक्रीतल्या वाट्याच्या मुद्द्यावर भर घालते.

२०२५ चा उन्हाळा आठवा. २६ मेला मुंबईत मान्सून पोचला. घरगुती एसीचा हंगाम पाण्यात गेला आणि त्या तिमाहीत व्होल्टासचा नफा निम्म्याहून जास्त घसरला. डेटा सेंटरचं कूलिंग म्हणून ज्यांनी एसी कंपन्या घेतल्या होत्या, त्यांच्या शेअरचं भवितव्य वळवाच्या सरींनी ठरवलं. तेव्हा वार्षिक अहवालात सेगमेंटची, म्हणजे धंद्याच्या विभागवार आकड्यांची, टीप उघडून बघा. डेटा सेंटर हा वेगळा रकाना बहुतेक ठिकाणी सापडत नाही, तो प्रोजेक्ट किंवा कमर्शियलच्या पोटात असतो.

दुसरं, ऑर्डर बुक, म्हणजे हातात असलेल्या पण अजून पुरवायच्या ऑर्डरींची बेरीज. हा शब्द ऐकला की लोक भारावतात. मार्च २०११ अखेर वीज प्रकल्पांची यंत्रं बनवणाऱ्या सरकारी भेलकडे १ लाख ६० हजार कोटींच्या वर ऑर्डर होत्या, वर्षाची विक्री ४० हजार कोटींच्या वर. जवळपास चार वर्षांचं काम हातात. पुढे वीज प्रकल्प कोळशाअभावी, जमिनीअभावी, वितरण कंपन्यांच्या थकबाकीपायी रखडले आणि २०१५-१६ मध्ये भेल तोट्यात गेली. ऑर्डर कागदावर होत्या. ज्याने त्या दिल्या त्याचीच कंबर मोडली होती. आज डेटा सेंटर बांधणाऱ्यांतही दोन प्रकार आहेत. एकाच्या तिजोरीत रोकड आहे, दुसरा कर्जावर आणि गिऱ्हाईक येईल या भरवशावर बांधतोय. पुरवठादाराच्या ऑर्डर बुकात कुणाचा वाटा किती, हे कॉन्फरन्स कॉलमध्ये, म्हणजे निकालानंतर कंपनी विश्लेषकांशी बोलते त्यात, विचारलं जातं. ते कॉल जरूर वाचा.

कॅनॉपी
मी भोसरीत डीजीच्या कॅनॉपीचं, म्हणजे त्यावरच्या पत्र्याच्या आवरणाचं, पत्राकाम करतो. म्हणजे साखळीतला शेवटचा मणी. धागा वाचून राहवलं नाही.

डीजीच्या धुराचे सीपीसीबी ४ प्लस नियम आले तेव्हाचं सांगतो. जुन्या मशीन ३० जून २०२४ पर्यंत विकायला मुभा होती. नवीन महाग पडणार म्हणून सगळ्यांनी जुन्याच उचलून ठेवल्या. आमच्याकडे मे-जूनमध्ये तिन्ही पाळ्या चालू, सीएनसी पंचिंग थंड व्हायला वेळ नाही. पोरं शॉपमध्येच झोपायची. ऑगस्टला दोन मशिनींवर ताडपत्री टाकून ठेवली होती. बाहेरून आकडे बघणाऱ्याला जूनची तिमाही भरभराटीची वाटली असणार, आणि त्यातला बराच भाग डेटा सेंटरचा नव्हताच. तो नियम ८०० किलोवॅटपर्यंतच्या सेटला. मोठ्या डेटा सेंटरचे सेट बहुतेक त्याच्या वरचे, त्यांना त्याचा संबंध नाही. तेव्हा कुठल्या किलोवॅटची विक्री वाढली ते बघितल्याशिवाय डीजी कंपनीच्या वाढीचा अर्थ लावू नका.

आणि पैशाचं म्हणाल तर दादांनी दुखरी नस पकडली. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत म्हणून आयकरात ४३बी(एच) आणलं. कागदोपत्री मला ४५ दिवसांत मिळतात. फक्त बिल कधी घ्यायचं ते समोरचा ठरवतो. नाव घेत नाही, पण एका कंत्राटदाराकडे माझा माल उतरून तीन महिने झाले तरी साइट तयार नाही म्हणून त्याने जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) केलेला नाही.

सातारकर
सगळं बरोबर आहे, तरी एक वेगळा सूर लावतो. मी एक डीजी कंपनी पंधरा वर्षं धरून आहे. तेव्हा डेटा सेंटर हा शब्दही मला माहीत नव्हता. कारखाना दर रविवारी एसटीतून जाताना दिसायचा, पार्किंग भरलेलं असायचं, लाभांश वेळेवर यायचा. एवढ्यावर घेतला आणि कधी विकला नाही. इतका कीस काढणाऱ्यांपैकी कितीजणांनी पंधरा वर्षं एखादा शेअर ठेवलाय? चांगली कंपनी, कर्ज नाही, मग दर बातमीला थरथरायचं कशाला?

डीजीवाला
सातारकर काका, तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं. फरक एवढाच की तुम्ही घेतला तेव्हाचा भाव आणि आजचा भाव. तेव्हा तुम्ही डीजी कंपनीचा भाव दिलात. आज घेणारा त्यात डेटा सेंटरची पुढची पाच-सहा वर्षं आधीच मोजून देतोय. कंपनी तितकीच चांगली राहूनही त्याचा परतावा वेगळा येऊ शकतो.

चिल्ड वॉटर
पुण्यात एचव्हीएसी (वातानुकूलन) कन्सल्टन्सी करते. गारव्याच्या बाजूने लिहिते, कारण सगळ्यात वेगाने बदलतंय ते तिथे.

साध्या रॅकला, म्हणजे सर्व्हरच्या कपाटाला, सहा ते दहा किलोवॅट लागतात. तेवढी उष्णता थंड हवेने निघते. एनव्हिडियाच्या एआयसाठीच्या, बहात्तर जीपीयू चिप असलेल्या एका जीबी२०० रॅकला १२० किलोवॅटच्या आसपास लागतात. कपाटाएवढ्या जागेत एवढी उष्णता. तिथे हवा पुरत नाही. चिपवर तांब्याची प्लेट बसवून तिच्यातून पाणी फिरवावं लागतं, आणि ते पाणी वाटणारं सीडीयू नावाचं यंत्र मधे येतं. बाजार एवढं ऐकून "लिक्विड कूलिंग" म्हणत धावला.

मग जानेवारी २०२६ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग म्हणाले की त्यांची पुढची यंत्रणा ४५ अंशाच्या पाण्यावर थंड राहील, चिलरची गरज नाही. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत चिलर बनवणाऱ्यांचे शेअर आपटले. लोकांनी मला फोन करून विचारलं, आता चिलर संपले का?

हे आपल्या हवेत मोजून बघा. मुंबईत बाहेरची हवा ३५-३८ अंशांवर गेली तरी ४५ अंशाचं पाणी नुसत्या पंख्याच्या ड्राय कूलरने थंड होतं. तिथे कंप्रेसर खरंच वाचेल. नागपूरला मे महिन्यात काही दिवस हवाच ४५ च्या पलीकडे जाते, तिथे नुसत्या पंख्याने काय थंड होणार? शिवाय आपल्याकडच्या सेंटरमध्ये बँकांचे, सरकारचे, ओटीटीचे साधे रॅक भरपूर आहेत. ते हवेवरच चालतात आणि चालत राहतील. माझ्या टेबलावर आज जी ड्रॉइंग आहेत, त्यांत एकातूनही चिलर गेलेला नाही. पण पाण्याचं तापमान वर चाललंय, हे खरं. पूर्वी आम्ही ७ अंशाचं पाणी काढायचो, आता वीस किंवा त्याच्याही वर डिझाइन करतो. पाणी जितकं कोमट चालतं तितके कमी टनाचे चिलर लागतात. इमारती वाढतील, दर मेगावॅटमागे चिलरचा खर्च कमी होऊ शकतो. नुसत्या मेगावॅटच्या अंदाजावरून कूलिंग कंपनीची विक्री काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

माझ्या लेखी पंप, व्हॉल्व्ह, हीट एक्स्चेंजर जास्त निर्धास्त. हवा असो की पाणी, उष्णता वाहून न्यावीच लागते.

ॲशबर्नहून
मी व्हर्जिनियात लाउडन काउंटीत राहतो. घरातून निघून दहा मिनिटं गाडी चालवली तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डेटा सेंटरशिवाय काही दिसत नाही. मूळचा डोंबिवलीचा, त्यामुळे नवी मुंबईचं वाचताना बरं वाटलं.

व्हर्टिव्हबद्दल सांगतो, कारण माझ्याकडे आहे. जुनी लीबर्ट, १९६५ ची, ओहायोची. पुढे इमर्सनने घेतली, २०१६ मध्ये विकून टाकली, २०२० मध्ये न्यूयॉर्कला लिस्ट झाली. २७ जानेवारी २०२५ च्या सोमवारी चीनच्या डीपसीक या एआयची बातमी बाजारात आली. कमी चिपमध्ये काम होतंय तर एवढी डेटा सेंटर कशाला, असा लोकांनी अर्थ काढला. व्हर्टिव्ह एका दिवसात ३० टक्क्यांच्या आसपास पडला. त्या सकाळी मी कामावर जाताना नेहमीच्या वळणावर क्रेन चालू होत्या, डीजी उतरवत होते. एकही क्रेन थांबली नव्हती. मी विकला नाही. एप्रिलमध्ये तो आणखी खाली गेला, तेव्हा पोटात गोळा आला होता. वर्ष संपताना तो पडझडीच्या आधीच्या भावाच्या वर होता.

मी हुशार होतो म्हणून टिकलो असं नाही. माझ्या एकूण पुंजीत तो चार टक्के होता म्हणून झोप लागली. चाळीस टक्के असता तर त्या सोमवारीच विकला असता.

नवशिका
सगळ्यांना नमस्कार. मी २६ वर्षांचा, तळेगावला नोकरी. दोन लाख साठवलेत. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये केआरएन हीट एक्स्चेंजरचा आयपीओ २२० रुपयांना आला आणि ऑक्टोबरमध्ये लिस्ट झाला तेव्हा पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर उघडला. मला लागला नव्हता. तेव्हापासून वाटतंय की पुढचा सुटू नये. अशी छोटी कंपनी शोधावी की ॲशबर्नच्या दादांसारखं थेट व्हर्टिव्ह घ्यावं?

हिशोबनीस
परदेशी शेअरचं आधी सांगते. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, तुझ्या दोन लाख रुपयांना अडचण नाही. वर्षात १० लाखांच्या वर पाठवले तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापतात, तो रिटर्नमध्ये परत किंवा वळता मिळतो. लाभांशावर अमेरिकेत २५ टक्के कापून येतात. दोन वर्षांनंतर विकलास तर नफ्यावर १२.५ टक्के कर, आणि इथल्या लिस्टेड शेअरसारखी सव्वा लाखाची सूट नाही. एक शेअर असला तरी रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरावं लागतं, ते विसरू नकोस. दरवर्षी माझ्याकडे दोन-तीन मुलं नोटीस घेऊन येतात.

डीजीवाला
नवशिका, तुला माझं गेलेलं सांगतो. २०२१ च्या सुमारास मी एका छोट्या इलेक्ट्रिकल कंत्राटदार कंपनीचे शेअर घेतले. नाव सांगत नाही. त्यांची माणसं माझ्याच साइटवर काम करायची, काम नीटनेटकं, केबल ड्रेसिंग बघत राहावं असं. मला वाटलं मी आतला माणूस, मला बाजारापेक्षा जास्त माहीत. विक्री दरवर्षी वाढत होती. पण प्रत्येक ऑर्डरमधले दहा टक्के रिटेन्शन म्हणून, म्हणजे काम पक्कं होईपर्यंत गिऱ्हाईक राखून ठेवतं ते, अडकायचे, वर बँक गॅरंटी. आयएसटी (सगळ्या यंत्रणेची एकत्रित चाचणी) झाली, सेंटर चालू झालं, तरी पंचनाम्यासारखी स्नॅगची, म्हणजे राहिलेल्या त्रुटींची, यादी निघायची आणि शेवटचं बिल लटकायचं. नफा कागदावर, पगार कर्जातून. एक दिवस त्यांचा फोरमन मला चहाच्या टपरीवर म्हणाला, "साहेब, दोन महिने झाले." त्या रात्री मी ताळेबंद उघडला. जे आधी उघडायला हवं होतं. निम्मे पैसे गेले.

तेव्हापासून मी कुठल्याही कंपनीचा विक्रीचा आकडा बघायच्या आधी कॅश फ्लोचं पान बघतो. तीन-चार वर्षांचा नफा एकीकडे, धंद्यातून खरंच हातात आलेली रोकड दुसरीकडे. दुसरा आकडा सतत खूप मागे असेल तर मी पुढे वाचत नाही.

आणखी एक, हे साइटवर राहिल्याशिवाय सहज लक्षात येत नाही. सेंटर सुरू झाल्यावर कोणाला पैसे मिळत राहतात? डीजी महिन्यातून अर्धा तास टेस्टला चालतो. वीस वर्षं झाली तरी त्याचे तास भरत नाहीत, त्याचे सुटे भाग फारसे खपत नाहीत. चिलर मात्र चोवीस तास, वर्षभर. त्याचे कंप्रेसर झिजतात, कॉइल नवी मुंबईच्या खाऱ्या हवेत खराब होतात. यूपीएसच्या लेड बॅटऱ्या साधारण पाच वर्षांनी बदलाव्याच लागतात, पंखे आणि कपॅसिटर त्याच्या पाठोपाठ. म्हणून एका वेळची विक्री कुणाची आणि वर्षानुवर्षांची कुणाची, हे वेगळं काढ. नवी बांधकामं दोन वर्षं थंडावली तरी दुसऱ्या प्रकारची कंपनी तग धरते.

छोट्या कंपनीबद्दल. कन्सल्टंटकडे अप्रूव्ह्ड मेकची, म्हणजे मान्य केलेल्या ब्रँडची, यादी असते. त्या यादीत यायला वर्षं जातात, कारण नवीन माणसाचा ब्रेकर घेऊन कुणी जोखीम पत्करत नाही. चिल्ड वॉटर ताई हे जास्त चांगलं सांगतील. एखादी छोटी कंपनी "डेटा सेंटर क्षेत्रात प्रवेश" म्हणत असेल, तर ती कुणाच्या यादीत आहे, एवढंच विचार.

माझ्याकडे आज या क्षेत्रातले दोन शेअर आहेत, मिळून पुंजीच्या आठ टक्के. एक तिसरा गेल्या वर्षी विकला. कंपनी उत्तम, पण भाव नफ्याच्या ऐंशीपट झाला होता आणि तिच्या विक्रीतला डेटा सेंटरचा वाटा मला कुठेच सापडला नाही.

चिल्ड वॉटर
यादीचं अगदी खरं. माझ्या यादीत एक पंपाचं नवीन नाव आणायला मला कारखान्यात दोन भेटी, विटनेस टेस्ट (समोर उभं राहून करवलेली चाचणी) आणि गिऱ्हाइकाच्या तीन मीटिंग लागल्या. चौदा महिने. पण एकदा आलेलं नाव सहसा निघतही नाही.

नवशिका
खूप आभार. आयपीओच्या मागे लागणं तूर्त थांबवलं. काल रात्री एका कंपनीचा अहवाल उघडला, तीन वर्षांचा नफा आणि कॅश फ्लो वहीत लिहून काढला. पहिली दोन वर्षं जुळतात, तिसऱ्या वर्षी रोकड नफ्याच्या निम्मीच. टीपमध्ये येणी किती जुनी आहेत त्याचा तक्ता आहे, त्यात सहा महिन्यांच्या पुढचा आकडा एका वर्षात दुप्पट झालाय. हे वाईटच समजायचं का?

हिशोबनीस
लगेच नाही. त्याच टीपेच्या आसपास "कॉन्ट्रॅक्ट ॲसेट" (झालेलं पण अजून बिल न लावलेलं काम) किंवा "रिटेन्शन" असा शब्द शोध. मोठं काम वर्षअखेरीस संपलं असेल तर रिटेन्शन फुगलेलं दिसतं आणि पुढच्या वर्षी सुटतं. सप्टेंबरचा अर्धवार्षिक ताळेबंद काढ, त्यात तो आकडा खाली आलाय का बघ. आला असेल तर ठीक. तसाच असेल तर कुठलं गिऱ्हाईक अडलंय ते कॉलमध्ये कुणीतरी विचारलेलं असतं. दोन्ही आकडे इथे टाक, बसून बघू.

कॅनॉपी
आणि देण्यांच्या बाजूला लघुउद्योगांची थकबाकी वेगळी दाखवलेली असते, तीही बघ रे बाबा. येणी अडली की पहिला फटका तिथे बसतो.

नवशिका
हो काका, तो आकडाही लिहून ठेवला होता, पण त्याचा अर्थ कळला नव्हता. सप्टेंबरचा ताळेबंद आज रात्री काढतो.